झीलकऱ्याचे खाते : जुन्या मालिकांतील जोडीदार पात्रे कशी पाहावीत

पोवाड्यात शाहीर डफावर थाप मारून कडव्याची शेवटची ओळ फेकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी जी' म्हणत ती उचलून धरतात. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, पुढची ओळ जुळवतो आणि समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. गोंधळातही तेच घडते. मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार मध्येच 'मग पुढं काय झालं?' असे विचारून, कधी मुद्दाम वेड्यासारखे बोलून, कथा पुढे ढकलतो. घरी परतणाऱ्या लोकांच्या तोंडी मात्र शाहिराचे किंवा मुख्य गोंधळ्याचेच नाव असते. दूरदर्शनवरच्या आणि पुढे खाजगी वाहिन्यांवरच्या जुन्या मालिकांनीही हीच रीत चालवली. तिथे एक नायक असे आणि त्याच्या शेजारी त्याचे ऐकणारा, त्याला विचारणारा, वेळेवर चुकणारा आणि त्याच्यासाठी धावपळ करणारा एक जोडीदार असे. या जोडीदाराला मी सोयीसाठी झीलकरी म्हणणार आहे. त्याच्यावर नजर ठेवून जुनी मालिका पुन्हा कशी पाहावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने 'रामायण' व 'महाभारत' यांच्याबरोबर 'ब्योमकेश बक्षी' ही गुप्तहेर मालिकाही पुन्हा दाखवायला सुरुवात केली. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत तेव्हा गॅलरी हीच बैठकीची खोली झाली होती. एका संध्याकाळी भाग संपल्यावर समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारले, "अहो, आज अजित होता का हो? मला काही आठवतच नाही." तो भाग मीही नुकताच डोळे लावून पाहिला होता आणि मलाही छातीठोकपणे काही सांगता येईना. नंतर तोच भाग इंटरनेटवर शोधून पाहिला, तेव्हा अजित, म्हणजे ब्योमकेशचा जोडीदार, जवळजवळ प्रत्येक प्रसंगात हजर असल्याचे दिसले. तो खुर्चीत होता, दाराशी होता, ब्योमकेशच्या मागे दोन पावलांवर होता, आणि तरीही आम्हा दोघांच्या लेखी तो नव्हता. टाळेबंदी उठल्यावर आम्ही आठ-दहा जण सोसायटीच्या ऑफिसात एक शनिवार सोडून जमू लागलो. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती तिथेच चुकत-माकत तयार झाली.

मालिकेची निवड

पहिली चूक इथेच होते. आम्ही हौसेने 'महाभारत' घेतले. १९८८ ते १९९० या काळातले ते ९४ भाग, त्यातला विदुर आणि संजय, असा भक्कम बेत होता. तिसऱ्याच बैठकीला तो कोसळला, कारण जिथे दर दहा मिनिटांनी नायक बदलतो तिथे कोणाची सावली कोणावर पडते हे ठरवता येत नाही. 'नुक्कड'ची अडचण याच्या अगदी उलट. तिथे सगळेच नाक्यावरचे आणि सगळेच सारख्या उंचीचे आहेत. मालिका उत्तम आहे, पण या कामाची नाही. मालिका अशी घ्यावी की तिच्यात एकच ठळक नायक असेल आणि त्याच्याबरोबर बहुतेक भागांत दिसणारे एक किंवा फार तर दोन जोडीदार असतील.

गुप्तहेर मालिका यासाठी सर्वांत सोयीच्या ठरतात आणि त्याला कारण आहे. गुप्तहेराचे खरे काम डोक्यात चालते आणि डोके कॅमेऱ्याला दिसत नाही. डोक्यातले बाहेर काढायला कोणीतरी समोर बसलेले लागते. म्हणून 'करमचंद' (१९८५) मध्ये किटी आहे, 'ब्योमकेश बक्षी' (१९९३) मध्ये अजित आहे, आणि 'तहकीकात' (१९९४) मध्ये विजय आनंद यांच्या सॅम डिसिल्वाबरोबर सौरभ शुक्ला यांचा गोपीचंद आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या एका कथेवर त्यांचे पुत्र संदीप राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या हिंदी रूपांतरात तर एकाऐवजी दोन झीलकरी आहेत. ऐकण्याचे काम तोपशेकडे आणि हसवण्याचे काम लालमोहन गांगुली ऊर्फ जटायूकडे, अशी ती वाटणी आहे. शशी कपूर यांच्या फेलूदापुढे हा जटायू आपल्या मोहन आगाशे यांनी केला होता. त्यांना करड्या भूमिकांत पाहायची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाने तो आवर्जून पाहावा.

निवड झाल्यावर मालिकेचे नाव कागदावर लिहावे आणि त्यात कोणाकोणाचे नाव आहे ते पाहावे. वरच्या यादीतील दोन मालिकांची नावे सरळ नायकाचीच आहेत. जोडीदाराला शीर्षकात जागा मिळाल्याची उदाहरणे शोधू लागलो, तेव्हा आमच्या हाती पहिल्यांदा आले ते 'राजा और रॅंचो', आणि त्यातला रॅंचो हे माकड होते.

आवाज बंद करून पाहणे

निवडलेला भाग पहिल्यांदा नेहमीसारखा, चहा घेत, काहीही न लिहिता पाहावा. कथा एकदा कळून गेली की तिचा ओढा कमी होतो आणि नजर मोकळी होते. त्यानंतर तोच भाग आवाज पूर्ण बंद करून पाहावा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून पुष्कळ लोक ती गाळतात, पण माझ्या मते या पद्धतीत सर्वांत जास्त हाती लागते ते याच पायरीत.

आवाज असतो तोवर आपली नजर आपोआप बोलणाऱ्याकडे जाते. आवाज गेला की ती भटकू लागते आणि ऐकणाऱ्यावर येऊन थांबते. तेव्हा लक्षात येते की नायक बोलत असताना पडद्यावर बराच वेळ नायक नसतोच, ऐकणाऱ्याचा चेहरा असतो. स्टुडिओत दोन-तीन कॅमेऱ्यांवर एकाच वेळी चित्रण होत असे तेव्हा एक कॅमेरा बोलणाऱ्यावर आणि दुसरा ऐकणाऱ्यावर रोखलेला असे, आणि निर्माता बटण दाबून एकावरून दुसऱ्यावर जाई. एकाच कॅमेऱ्याने चित्रण होते तेव्हा ऐकणाऱ्याचे शॉट वेगळे घेतले जातात. त्या वेळी नायकाचे काम करणारा नट समोर असेलच असे नाही, आणि त्याचे संवाद कोणी सहायक कोरड्या आवाजात वाचत असतो. अशा वेळी भिंतीकडे पाहून चकित व्हायचे, घाबरायचे आणि उजळून निघायचे, हे जोडीदाराच्या भूमिकेतील नटाचे रोजचे काम असते. संकलकाला हे शॉट फार उपयोगी पडतात. नायकाचे लांबलेले वाक्य कापायचे असेल, दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले तुकडे जोडायचे असतील, तर मध्ये ऐकणाऱ्याचा चेहरा टाकला की सांधा झाकला जातो. म्हणजे झीलकरी पडद्यावर असतो तोही पुष्कळदा दुसऱ्याची शिवण लपवायला.

हे सगळे समजून घेऊन पाहू लागल्यावर के. के. रैना यांचा अजित निराळाच दिसू लागतो. रजित कपूर यांचा ब्योमकेश सिगारेट शिलगावून शांतपणे तर्क मांडत असतो. त्या तर्काचे वजन किती, हे आपल्याला अजितच्या चेहऱ्यावरून कळते. तो बुचकळ्यात पडला की आपणही पडतो आणि त्याच्या भुवया वर गेल्या की आपल्यालाही उलगडा होतो. रैना हे काम इतके कमी हालचालींत करतात की आवाज चालू असताना ते दिसतच नाही. काकूंच्या आणि माझ्या विस्मरणाचे रहस्य यापलीकडे काही नव्हते.

जमा आणि नावे

तिसऱ्या वेळी वही घेऊन बसावे. सुरुवातीला आम्ही जोडीदाराची वाक्ये मोजत असू. त्यातून फारसे काही निघाले नाही, कारण कमी बोलणे म्हणजे कमी असणे नव्हे, हे आवाज बंद करून पाहतानाच कळले होते. मग काकूंनी मार्ग काढला. त्यांनी आयुष्यभर एका पतपेढीत हिशेब लिहिले आहेत. त्या घरून लाल उभ्या रेघांची जुनी खतावणी घेऊन आल्या, पानावर 'श्री. अजित यांचे खाते' असे ठसठशीत लिहिले आणि मधोमध रेघ मारून एका बाजूला 'जमा' व दुसऱ्या बाजूला 'नावे' असे दोन रकाने पाडले. देणाऱ्याच्या खात्यात जमा आणि घेणाऱ्याच्या नावे, हा खतावणीचा नियम त्यांनी आम्हाला पुन्हा शिकवला. जोडीदार कथेला जे देतो ते जमा आणि कथेकडून त्याला जे मिळते ते नावे.

जमा बाजूला काय लिहावे, याचा थोडा खुलासा करतो. जोडीदाराने प्रश्न विचारला तर तो कोणत्या जातीचा आहे ते पाहून लिहावे. एक प्रश्न प्रेक्षकांच्या वतीने असतो: 'पण हे तुला कसे कळले?' एक चुकीच्या तर्काचा असतो, म्हणजे 'खून नोकरानेच केला असणार' हे जोडीदाराने म्हणायचे, म्हणजे नायकाला 'नाही' म्हणता येते. तिसरा प्रश्न विरळा. तो खराच अडलेल्या माणसाचा असतो आणि त्याने नायकाच्या विचाराची दिशा बदलते. पहिल्या दोहोंना साधी खूण करावी आणि तिसऱ्याला वर्तुळ. याशिवाय जोडीदार निरोप पोचवतो, पाळत ठेवतो, मार खातो, नायकाच्या लहरी सोसतो, आणि बाहेरच्या लोकांना नायकाचा मोठेपणा सांगतो, कारण नायकाला स्वतःच्या तोंडाने तो सांगता येत नाही. हे सगळे जमा.

नावे बाजू लिहायला वेळ लागत नाही. नायकाने मानलेले आभार, बरोबर ठरलेला एखादा तर्क, प्रसंगातले शेवटचे वाक्य, नायक खोलीत नसताना मिळालेला एखादा प्रसंग, स्वतःचे घर, स्वतःची माणसे, स्वतःचा छंद. बहुतेक भागांत हा रकाना निम्म्याहून अधिक कोरा राहतो. भाग संपल्यावर काकू खाली दुहेरी रेघ मारतात आणि 'येणे बाकी' लिहितात.

'सत्यान्वेषी' या पहिल्या कथेच्या भागापासून सुरुवात केली तर या खात्याची पहिली नोंद फार सुंदर पडते. कोलकात्यातल्या मेसमध्ये, म्हणजे भाड्याने खोल्या देणाऱ्या घरात, अतुल नावाचा एक होतकरू तरुण जागा शोधत येतो, एकही खोली रिकामी नसते, आणि अजित त्याला आपल्या खोलीत राहू देतो. हा अतुल म्हणजेच ब्योमकेश, हे त्याला पुष्कळ नंतर कळते. जमा : अर्धी खोली. प्रकरण मिटल्यावर ब्योमकेश त्याला आपल्या हॅरिसन रोडवरच्या घरी कायमचा राहायला बोलावतो. नावे : एक घर. दोन्ही बाजू जुळल्या, असा तो एक दुर्मिळ क्षण आहे आणि पुढच्या तीस-एक भागांत तो क्वचितच पुन्हा येतो.

लेखणी कोणी घेतली

हा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक थांबतो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बहुतेक ब्योमकेशकथा अजित सांगतो. कथेतला प्रत्येक शब्द त्याचा आहे. ब्योमकेश देखणा दिसतो, चिडतो, हसतो, ते अजितला तसे दिसले म्हणून. होम्सकथांत वॉटसनचे स्थान हेच आहे. पुस्तकात हे जोडीदार नायकाच्या सावलीत नसतात, उलट नायकच त्यांच्या वाक्यांत राहत असतो. कथा पडद्यावर येते तेव्हा सांगण्याचे काम कॅमेरा उचलतो आणि जोडीदाराच्या हातातली लेखणी अलगद जाते. उरतो तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला एक सभ्य गृहस्थ.

म्हणून मूळ कथा आणि मालिकेतला तिचा भाग शेजारी ठेवून पाहणे ही चौथी पायरी समजावी. ठाणेकरांना यासाठी लांब जावे लागत नाही. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय गावातच आहे आणि होम्सकथांचे मराठी अनुवाद दुर्मिळ नाहीत. कथेतला एकच परिच्छेद निवडावा, शक्यतो असा की ज्यात निवेदक स्वतःच्या मनातले सांगतो, आणि पडद्यावर त्या जागी काय आले ते पाहावे. कधी तिथे नटाचा चेहरा आलेला असतो, कधी पार्श्वसंगीत, आणि पुष्कळदा काहीच नाही.

वॉटसनच्या बाबतीत हा प्रयोग विशेष रंगतो. ब्रिटनमधल्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या १९८४ ते १९९४ या काळातल्या होम्स मालिकेत जेरेमी ब्रेट होम्स होते, आणि निर्मात्यांनी जाणीवपूर्वक ठरवले होते की त्यांचा वॉटसन आधीच्या काही चित्रपटांतल्यासारखा बावळट नसेल, तो अनुभवी डॉक्टर आणि सैनिक असेल. पहिल्या दोन पर्वांत ही भूमिका डेव्हिड बर्क यांनी केली आणि १९८६ पासून एडवर्ड हार्डविक यांनी. होम्स धबधब्यात नाहीसा होतो तो भाग बर्क यांचा शेवटचा आणि होम्स परत येतो तो हार्डविक यांचा पहिला. म्हाताऱ्या पुस्तकविक्याचे सोंग काढून होम्स उभा राहतो आणि वॉटसन शुद्ध हरपून पडतो, हा प्रसंग त्या दुसऱ्या भागात आहे. मित्र मेल्याचे दुःख एका नटाने सोसलेले आणि तो जिवंत असल्याचा धक्का दुसऱ्याने. तरीही जोडी तुटल्यासारखी वाटत नाही, याचे श्रेय लिहिणाऱ्यांनी त्या पात्राला दिलेल्या भरीवपणाला आहे. जोडीदाराचा नट बदलूनही मालिका टिकली तर ते पात्र पक्के होते, असे खुशाल समजावे.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. होम्सने स्वतः सांगितलेल्या कथा दोनच आहेत आणि त्यांतल्या एकीत तो कबूल करतो की लिहायला बसल्यावर त्याला वाचकाच्या आवडीचा विचार करणे भाग पडले. शरदिंदूंनीही, जे आयुष्याची अखेरची अनेक वर्षे आपल्या पुण्यात राहिले, शेवटी शेवटी अजितकडून निवेदन काढून घेतले. त्या कथा मला तरी थोड्या थंड वाटतात.

किटीवरून झालेला वाद

पंकज कपूर यांचा करमचंद गाजर चावत, काळा चष्मा लावून बोलतो आणि सुश्मिता मुखर्जी यांची किटी भलताच प्रश्न विचारते. त्यावर 'शट अप किटी' येते, आणि उलगडा झाल्यावर किटी 'सर, यू आर अ जीनियस' म्हणते. पंकज पराशर यांच्या या मालिकेतला हा साचा त्या वेळच्या प्रत्येक घरात पाठ होता.

आमच्या बैठकीत पहिल्या फेरीला सगळ्यांनी 'शट अप' हे किटीच्या नावे अपमान म्हणून लिहिले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची, कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "काकू, ते तिच्या नावे कसं? त्या वाक्याची वाट सगळं घर बघत होतं ना? मग ते तिने मिळवलंय." काकूंनी पेन्सिल कानावर ठेवली आणि बराच वेळ पानाकडे पाहिले. शेवटी तीच नोंद दोन्ही बाजूंना झाली. मला दोघींचेही पटले आणि तरीही एक गोष्ट खटकत राहिली. पुरुषाच्या बुद्धीला उठाव यावा म्हणून शेजारच्या बाईला निर्बुद्ध ठेवायचे, हा लेखनातला आळस आहे आणि सुश्मिता मुखर्जींच्या अचूक टायमिंगमुळे तो झाकला गेला, एवढेच. किटीचे प्रश्न नीट ऐकावेत. त्यांतले काही वेडगळ आहेत, पण काही प्रेक्षकांच्या मनातलेच आहेत, आणि 'शट अप' हे तेव्हा तुम्हाआम्हालाही म्हटलेले असते. २००७ साली मालिका पुन्हा आली तेव्हा किटीच्या भूमिकेत सुचेता खन्ना होत्या. दोन्ही किटी एकापाठोपाठ पाहिल्यास पात्र किती आणि नटी किती, याचा हिशेब मांडता येतो.

उलट्या जोड्या

काही जोड्यांत हे खाते उलटे लिहावे लागते आणि त्या शेवटी घेणे बरे. मुंबई दूरदर्शनवरच्या चिमणरावांची मालिका ही आपली सर्वांत जवळची. चिं. वि. जोशी यांच्या कथांत निवेदक खुद्द चिमणराव आहेत, म्हणजे इथे लेखणी नायकाकडेच आहे आणि ती तो स्वतःचीच फजिती लिहायला वापरतो. गुंड्याभाऊ आपल्याला दिसतो तो चिमणरावांच्या भेदरलेल्या डोळ्यांतून. पडद्यावर ते डोळे बाजूला झाले आणि दिलीप प्रभावळकरांच्या किडकिडीत, कानकोंड्या चिमणरावांशेजारी बाळ कर्वे यांचा दणकट, दांडगट गुंड्याभाऊ एकदम मोकळा उभा राहिला. अजितने पडद्यावर जे गमावले तेच गुंड्याभाऊने मिळवले. म्हणूनच आजही नुसते 'चिमणराव' म्हणून कोणी थांबत नाही, 'गुंड्याभाऊ' हे आपोआप पुढे येते. मालिकेचे जे भाग हाती लागतील ते पाहताना नायक किती वेळा दोन पावले मागे सरकतो ते मोजावे. प्रभावळकरांचे मोठेपण त्या मागे सरकण्यात आहे.

अमेरिकेत १९६० साली सुरू झालेल्या अँडी ग्रिफिथ यांच्या मालिकेत हे ठरवूनच झाले. विनोद आपण करायचा या बेताने आलेल्या ग्रिफिथ यांनी सुरुवातीलाच ओळखले की सहकारी डॉन नॉट्स अधिक हसवतात, आणि ते स्वतः शांत बाजूला गेले. नॉट्स यांना त्या एका भूमिकेसाठी पाच एमी पुरस्कार मिळाले.

त्याहून मजेदार उलटापालट १९८५ च्या 'विक्रम और बेताल'मध्ये आहे. तिथे नायकाने तोंड उघडायचेच नाही, अशी अट आहे. सज्जन यांचा वेताळ खांद्यावर बसून अखंड बोलतो आणि अरुण गोविल यांचा राजा ऐकत चालतो. झीलकऱ्याचे काम राजाच्या गळ्यात पडले आहे, आणि ऐकणे किती कठीण असते ते दर भागाच्या शेवटी दिसते, कारण राजाला राहवत नाही, तो उत्तर देतो आणि वेताळ उडून जातो.

'सी.आय.डी.'साठी एक स्वतंत्र सराव सुचवतो. १९९८ साली सुरू झालेल्या या मालिकेत जोडीदारांना ओळख मिळाली ती एकेका कृतीने. दया दरवाजा तोडतो, फ्रेडरिक्स हसवतो. पडद्याबाहेर फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस यांनी मालिकेचे काही भाग लिहिलेही होते, हे त्यांना हसणाऱ्या किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. २००४ साली या मालिकेचा १११ मिनिटांचा एक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित झाला. त्यात कापाकापी नाही, म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा वेगळा घेऊन मध्ये चिकटवण्याची सोय नाही. प्रद्युम्न बोलत असताना बाकीच्यांना चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला जिवंत राहावेच लागते. या भागातला एकच जोडीदार निवडून पूर्ण वेळ फक्त त्याच्याकडे पाहावे, तो चौकटीबाहेर गेला की परत येईपर्यंत कुठे गेला असेल याचा विचार करावा. कथा समजली नाही तरी चालेल. आमच्यापैकी एक निवृत्त मोटरमन काकांनी पूर्ण १११ मिनिटे दया धरून ठेवला आणि नंतर दोन दिवस मान दुखत असल्याची तक्रार केली.

जोडीदाराच्या आवाजात एक पान

इथपर्यंत आल्यावर शेवटची पायरी म्हणजे एक पान लिहिणे. पाहिलेल्या भागातला एकच प्रसंग जोडीदाराच्या तोंडून, प्रथमपुरुषी, अर्धे ते एक पान. इथे लोक हमखास दोन चुका करतात. पहिली अशी की जोडीदाराला लगेच नायक करून टाकतात: अजितलाच खुनी आधी कळलेला असतो, किटी मुळात हुशार असून वेड पांघरत असते. हे वाचायला बरे वाटते, पण त्यात तो जोडीदार उरत नाही. दुसरी चूक गाऱ्हाण्याची. पानभर 'माझी कोणाला किंमत नाही' असा सूर लागला की दुसऱ्या परिच्छेदाला वाचणारा जांभई देतो. जोडीदाराला त्या क्षणी जेवढे माहीत होते तेवढेच लिहावे, त्याच्या हातात काय होते ते लिहावे, आणि जिथे मालिकेने त्याला खोलीबाहेर पाठवले तिथे वाचकाला त्याच्याबरोबर बाहेर न्यावे. लिहून झाल्यावर पान मोठ्याने वाचावे. वाचताना नायकाचे नाव पाचपेक्षा जास्त वेळा आले तर पान पुन्हा लिहावे. पाचच का, याला शास्त्रीय आधार नाही, पण आमच्याकडे हा आकडा टिकला आहे.

काकूंनी लिहायला सहा-सात महिने घेतले. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी वीज गेली होती, टीव्ही बंद होता, म्हणून मोबाइलच्या उजेडात त्यांनी खतावणीचे मागचे पान उघडले आणि वाचू लागल्या. पहिली ओळ होती : "त्या संध्याकाळी मी तिथेच होतो, दाराजवळच्या खुर्चीत."